किल्लीवाल्यांची बिनबटी

नोंद करण्यात येते ती अशी : दिनांक अठरा ऑगस्ट एकोणीसशे ब्याण्णव, वार मंगळवार, मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास, इयत्ता नववी, तुकडी ब. विषय जीवशास्त्र, घटक आनुवंशिकता. विज्ञानाच्या सरांनी खिडकीजवळच्या बाकावरील एका मुलीला उभे केले, लाकडी पट्टी तिच्या कपाळावर रोखली आणि भर वर्गात विचारले, "तुझ्या वडिलांना पांढरी बट आहे. भावाला आहे. आत्याला आहे. बट हा प्रभावी गुण. प्रभावी म्हणजे काय? जो प्रभाव पाडतो तो. मग तुझ्यावर का नाही पडला?" आपल्या कपाळाचा जाब कोणाला द्यावा लागतो, हेच मुलीला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. सर हसले आणि दोनच शब्द बोलले : "घरी विचार."

वर्ग हसला. ज्यांना अर्थ कळला ते आधी हसले. ज्यांना कळला नाही ते पहिल्यांकडे पाहून हसले. शाळेच्या दप्तरी या प्रकाराचा मागमूसही नाही. शाळांची दप्तरे गैरहजेरी टिपतात, बेअदबी टिपतात. शिक्षकाच्या जिभेची नोंद ठेवणारा रकाना त्यांत अजून कोणी आखलेला नाही. म्हणून ही हकीकत.

मुलीचे घर किल्लीवाल्यांचे. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मध्ये उभा अरुंद जिना. दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्यावर कोऱ्या किल्ल्यांचे घोस : दाते न पडलेल्या, कोणत्याच कुलपाच्या नसलेल्या. पितळेचा कीस इतका मुरलेला की घरातल्या टॉवेलांनाही तो चमचमत चिकटे. वडील पकडीत किल्ली आवळून कानस चालवीत, आणि त्यांचा एकच दंडक होता : नकलेवरून नक्कल काढायची नाही. "मूळ किल्ली आणा," ते गिऱ्हाइकाला सांगत. "नकलेत केसभर चूक असते. तिच्या नकलेत ती चूक राहतेच, वर नवी बसते. तिसरी नक्कल कुलपात जाते, पण फिरत नाही."

दुकानाला पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. लोक म्हणत, "बटवाल्यांकडे जा." वडिलांच्या कपाळाच्या मधोमध, काळ्याभोर केसांत, चुन्याचा फराटा ओढावा तशी पांढरी बट होती. जन्मापासूनची, मुळापासून पांढरी; आणि तिच्या मुळाशी कपाळाची कातडीही पिंपळपानाएवढी फिकी. आजोबांना तशीच होती, पणजोबांना होती असे सांगत. मुलीच्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, तीच. आणि आत्याची बट तर साऱ्यांत देखणी! आत्या वडिलांहून मोठी, अविवाहित, घराची खरी कारभारीण. बट मागे वळवून ती दोन पिनांनी अशी बसवी की जणू पदकच. मात्र तिच्या डोक्याला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. "माझं डोकं मी विंचरणार," ती म्हणे, "आणि तुमचीही डोकी मीच ठिकाणावर आणणार."

या बटवाल्यांत एकटी मुलगीच काळ्या केसांची. लहानपणी दादाने लाडाने तिचे नाव ठेवले होते "बिनबटी". ती त्या हाकेला ओ देई. अठरा ऑगस्टच्या संध्याकाळी ती घरी आली आणि आज्ञाधारक विद्यार्थिनी सांगितलेले काम करते तसे तिने केले. तिने घरी विचारले.

आई दुकानाच्या गल्ल्याजवळ उभी राहून तयार किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधत होती. तिची ती नेहमीची जागा. गिऱ्हाइके तिला वहिनी म्हणत, आणि हरवलेल्या किल्लीच्या त्यांच्या रडकथा ती न कंटाळता ऐकून घेई.

"आई, सरांनी विचारायला सांगितलंय. मला बट का नाही?"

आईच्या हातातला दोरा थांबला. उत्तर आले ते जिन्यावरून, आत्याचे.

"बरं झालं, सरांनी विचारलं. आम्ही विचारलं असतं तर नणंदेची जीभ लांब ठरली असती."

"ताई, काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

"मी कुठं काय म्हणते? पुस्तक म्हणतंय. गुण प्रभावी आहे म्हणे. आमच्या घरात एकाही पिढीत चुकला नाही आजवर. आता चुकला, तर घराण्याचं काय चुकलं ते पाहायला नको?"

सगळ्यांनी वडिलांकडे पाहिले. वडिलांनी पकडीतल्या किल्लीकडे पाहिले. "बिनबटी, ती बारीक कानस दे," ते म्हणाले, आणि घासू लागले. त्या घासण्याचा आवाज पुढे कितीतरी वर्षे मुलीच्या कानांतून गेला नाही. बाप काही बोलला असता तर, रागावला असता तरीही, चालले असते. न बोलणाऱ्याच्या मनात काय आहे हे ज्याने त्याने आपापल्या भीतीप्रमाणे भरून घ्यायचे असते. आणि चौदा वर्षांच्या मुलीची भीती काही लहान नसते.

दुसऱ्या दिवसापासून आई गल्ल्याजवळ उभी राहिली नाही. कोणी तिला मनाई केली नव्हती. पण आलेले प्रत्येक गिऱ्हाईक आधी आपल्याकडे आणि मग मुलीच्या कपाळाकडे पाहते असे तिला वाटू लागले, आणि ती वरच्या मजल्याची झाली. शाळेत "बिनबटी" ही लाडाची हाक वर्गाच्या तोंडी पडून दगड झाली.

इतर मुली डॉक्टर होण्यासाठी जीवशास्त्र घेतात; हिने ते भांडण्यासाठी घेतले. तिला एकाच गोष्टीची तड लावायची होती : आईच्या कपाळावर लागलेला बोल पुसायचा, आणि तोही आईला एका अक्षराने सफाई द्यायला न लावता. पुढे रक्तावरून पितृत्व तपासण्याची सोय निघाली तेव्हा एका मैत्रिणीने सुचवलेही, "रक्त दे, निकाल आण, विषय संपव." ती म्हणाली, "चोरी केली नसताना झडती द्यायची, आणि झडतीत काही सापडलं नाही म्हणून आनंद करायचा? झडती घेणाऱ्याला आधी कायदा शिकवीन."

हा कायदा तिला महाविद्यालयात उमगला, आणि उमगला तेव्हा तिला हसू आले. कारण तो सगळा तिच्या दुकानातच टांगलेला होता. आपल्या पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून येते, एक वडिलांकडून. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांबच लांब, घट्ट गुंडाळलेला धागा, आणि त्या धाग्यावर फक्त चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला मजकूर. त्या मजकुराचा एखादे काम सांगणारा तुकडा म्हणजे जनुक. किल्लीला जसे दाते, तशी जनुकाला अक्षरे. धातू सगळीकडे सारखाच, कोणते कुलूप उघडणार ते खाचांचा क्रम ठरवतो. पेशी दुभंगताना या मजकुराची नक्कल होते. ती करणारी यंत्रणा केलेले काम स्वतःच तपासते, चुकले तर खोडून पुन्हा लिहिते. तरीही क्वचित एखादे अक्षर निसटते. त्याला उत्परिवर्तन म्हणतात. कोणे एके काळी पणजोबांच्या आधीच्या कोणाच्या तरी एका जनुकात अशीच एक खाच चुकली होती. तेव्हापासून त्या घराण्यात, ज्याला ती चुकलेली प्रत मिळाली त्याच्या रंगपेशी गर्भावस्थेत कपाळाच्या मध्यापर्यंत पोहोचेनात. बटवाल्यांचे पदक म्हणजे मुळात कानशीची चूक!

सुट्टीत ती घरी आली आणि तिने जेवणाच्या मेजावर किल्ल्या मांडल्या.

"बाबा, या गुणाच्या तुमच्या जुडग्यात दोन किल्ल्या. एक पितळी, एक लोखंडी. पितळी असली की बट दिसणार, सोबत लोखंडी असली तरी. म्हणून पितळीला प्रभावी म्हणायचं. दोघी एकाच जुडग्यात असताना कोण दिसते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आईच्या जुडग्यात दोन्ही लोखंडी. मुलाला आईनं एक द्यायची, बाबांनी एक. बाबांनी दादाला पितळी दिली, मला लोखंडी. संपलं."

"आणि कुणाला कोणती द्यायची हे कोण ठरवतं?" आत्याने विचारले.

"कोणी नाही. नाणं उडवल्यासारखं. प्रत्येक मुलाच्या वेळी नव्यानं."

"वा! गिऱ्हाइकाला सांगू का असं, की तुमची किल्ली कोणी ठरवली नाही, हाताला आली ती दिली?" आत्याने लोखंडी किल्ली बोटाने दूर सारली. "पणजोबांना पितळी, आजोबांना पितळी, मला, तुझ्या बापाला, तुझ्या भावाला पितळी. आणि तुझ्याच वेळी नाणं बरं उलटं पडलं!"

"पणजोबा-आजोबांना धरू नकोस, आत्या. त्यांच्याकडे नसती तर ती आपल्यापर्यंत आलीच नसती."

"बरं, नाही धरत. मग आम्ही तिघं. तिघांत एकाचं तरी चुकलं?"

"आत्या," दादा मध्ये पडला, "तू दुकानात बसण्याऐवजी कोर्टात बसायला हवी होतीस."

"मी जिथं बसते तिथंच कोर्ट भरतं," आत्या म्हणाली.

मुलीला उत्तर होते, पण ते लुळे होते. तिघांच्या तिन्ही वेळा एकच बाजू पडणे शक्य आहे, तिच्या वेळी दुसरी पडणेही शक्य आहे. पण "शक्य आहे" हे शब्द शास्त्रात कितीही भारदस्त असोत, घरात त्यांना पाटावर कोणी बसवीत नाही. वडील मेजावरची पितळी किल्ली उचलून तिचे दाते निरखीत राहिले. आई उठून आत गेली.

यथावकाश मुलगी त्याच शाळेत जीवशास्त्राची शिक्षिका म्हणून रुजू झाली. विज्ञानाचे सर आता मुख्याध्यापक होते. त्यांनी तिचे प्रेमाने स्वागत केले. "किल्लीवाल्यांची ना तू? हुशार होतीस. आठवतेस मला." त्यांना ती आठवत होती, तो तास आठवत नव्हता. दगड मारणाऱ्याला दगड आठवत नसतो. आठवण टेंगळाच्या वाट्याला येते.

मग एके दिवशी आत्या जिन्यावरून घसरली. कोऱ्या किल्ल्यांचा खोका वाचवायला गेली, खोका वाचला, उजवे मनगट मोडले. हात प्लास्टरमध्ये गेला. आत्याने पडल्यापडल्या सगळ्यांना कामे वाटून दिली. मात्र केसांचा विषय निघाला की ती डोक्याला रुमाल गुंडाळून घेई. "राहू दे. मला कुठं लग्नाला उभं राहायचंय?" आठवडे गेले. रुमालाखाली जटा होऊ लागल्या. शेवटी एका सकाळी बिनबटीने खुर्ची खिडकीपाशी ओढली, फणी घेतली आणि आत्याला हुकूम सोडला, "बैस." त्या घरात आत्याला हुकूम सोडण्याची ही पहिलीच वेळ होती. आत्या कदाचित म्हणूनच बसली.

रुमाल सुटला. खिडकीतले ऊन सरळ डोक्यावर होते. बिनबटीने बट हातात घेतली, आणि तिची फणी जागच्या जागी थांबली. वडिलांच्या बटेखाली जसे फिके पान होते तसे येथे काही नव्हते. कपाळ सगळे एकाच रंगाचे. आणि केसांच्या मुळाशी, जेथे नवे केस उगवतात तेथे, नखाएवढी काळी रेघ.

"आत्या, तुझी बट मुळापासून काळी येतेय."

"वय झालं माझं."

"वय झालं की काळे केस पांढरे होतात, आत्या. पांढऱ्याचे काळे होत नाहीत."

आत्याने खिडकीबाहेर पाहिले. खाली कानस चालू होती.

"दार लाव," ती म्हणाली. दार लावल्यावर तिचा आवाज कारभारणीचा उरला नाही. "मी जन्मले तेव्हा माझ्या आईलाही घरी विचारलं होतं. माझ्या आजीनं. आईला फार लिहिता-वाचता येत नव्हतं, पण औषधाच्या दुकानातली केस उजळवायची बाटली वाचण्यापुरतं येत होतं. आम्ही इथं राहायला आलो ना, त्याच्या आदल्या दिवशी तिनं माझी बट पांढरी केली. नव्या गावात कोणी विचारायला नको म्हणून. मी एवढीशी होते. डोळ्यात गेलं तरी ओरडायचं नाही, एवढं आठवतं. तुझा बाप त्यानंतरचा. त्याला काही माहीत नाही. पुढं आई गेली. बाटली राहिली."

"हे सगळं सोसलंस, आणि माझ्या आईला तेच ऐकवलंस?"

"तू पाळण्यात होतीस. वाकून पाहिलं तर माझंच उघडं कपाळ. जे मी जन्मभर झाकलं ते तू मिरवत हिंडणार होतीस. आणि तुझ्या आईनं कधी बाटली आणली नाही. तिला गरजच वाटली नाही. त्या निर्धास्तपणाचा राग आला गं मला. शाळेतून तू प्रश्न आणलास, तेव्हा वाटलं, आता कळेल हिला." तिने डाव्या हाताने डोळे पुसले. "माफ कर म्हणायलाही तोंड नाही."

"मला तुझी माफी नको, आत्या," बिनबटी म्हणाली. "माफी आईची माग. मला तुझा आकडा हवा. इतकी वर्षं या घरात तिघांना बट आणि मला एकटीला नाही, असं होतं. कळतंय का तुला? बाबांना आहे, दादाला आहे. तुला नाही, मला नाही! चारांत दोन! निम्म्यास निम्मे! नाणं अगदी सरळ पडत होतं, तूच ते दर वेळी उलटं करून ठेवत होतीस!" आणि भर सकाळी, पेशाने शिक्षिका असलेल्या त्या बाईने फणी हवेत उडवून झेलली. वास्तविक चौघांत नेमके निम्मेच पडले पाहिजेत असा कोणताही नियम नाही, हे तिला ठाऊक होते. नाणे तिचे काही देणे लागत नव्हते. पण देणे नसताना कोणी दिले, तर घेऊ नये असाही नियम नाही.

आत्या तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे तू माझ्यावर गेलीस."

"बट नसण्यात कोणी कोणावर जात नाही. पण जिभेत गेले असेन."

आत्या हसली. त्याच दुपारी ती आईच्या खोलीत गेली. तेथे काय बोलणे झाले ते दोघींनी कोणाला सांगितले नाही. बाहेर आल्यावर आईचे डोळे लाल होते आणि आत्याच्या हातात रिकामी बाटली होती. ती तिने जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात स्वतः टाकली. प्लास्टर निघाले, हात मोकळा झाला, पण नवी बाटली आली नाही.

त्या हंगामात शाळेने पालकांसाठी खुला तास ठेवला. बिनबटीने वर्ग निवडला नववी ब आणि घटक निवडला आनुवंशिकता. मुख्याध्यापक मागच्या बाकावर तपासनिसाच्या ऐटीत बसले. पालकांच्या रांगेत किल्लीवाले सहकुटुंब आले. दुकानावर "थोड्या वेळात येतो" ही पाटी वडिलांनी टांगली होती, आणि आई अकरा वर्षांनी सार्वजनिक जागी खुर्चीवर ताठ बसली होती. आत्याच्या डोक्याला रुमाल होता.

तास रंगला. एका कापडी पिशवीत एक पितळी आणि एक लोखंडी किल्ली. मुलांनी डोळे मिटून हात घालायचा, एक काढायची, दाखवायची, परत टाकायची. प्रत्येक बाक म्हणजे एक कुटुंब. एका बाकाची सगळी मुले बटवाली निघाली. दुसऱ्याची एकही नाही. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने ओरडून सांगितले, "बाई, आमच्या घराण्याची बट बुडाली!" आणि पालकसुद्धा खदखदून हसले.

"पितळी किल्ली दुबळी झाली का?" बाईंनी विचारले.

"नाही."

"मग तुमच्याकडे का आली नाही?"

"हाताला लागली नाही!"

"एवढंच. प्रभावी म्हणजे बलाढ्य नव्हे, आणि सगळ्यांना मिळणारा तर नव्हेच. जुडग्यात असली तर दिसते. जुडग्यात येईल की नाही, यात तिला मत नसतं. आणि पिशवीला मागचं काही आठवत नाही; आधीच्या भावाला कोणती गेली हे ती विचारत नाही."

मग त्यांनी फळ्यावर वंशावळ काढली : पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, बट असेल तर आकृती खडूने भरायची. आजोबांचा चौकोन भरला. बाबांचा भरला. दादाचा भरला. स्वतःचे वर्तुळ रिकामे. आणि आत्याचेही वर्तुळ रिकामे ठेवून त्यांनी खडू खाली ठेवला.

मागच्या बाकावरून घसा खाकरल्याचा आवाज आला. "बाई, एक दुरुस्ती. आत्यांचं वर्तुळ भरायचं राहिलं. त्यांची बट सगळ्या गावाला ठाऊक आहे. प्रभावी गुण असा मधेच गाळता येत नाही."

"सर, प्रभावी म्हणजे काय?"

"जो प्रभाव पाडतो तो." तेच वाक्य. इतक्या वर्षांत त्याचा एक दातासुद्धा झिजला नव्हता. नकलेवरून नक्कल काढीत सरांनी ते दरवर्षीच्या नववीला वाटले होते.

"मग तो आत्यांवर का नाही पडला?"

"नाही कसा पडला? मी स्वतः पाहिलंय."

बिनबटी म्हणाली, "घरी विचारा, सर."

आणि पालकांच्या रांगेतून आत्या उठली. "कुठं जायची गरज नाही," ती म्हणाली. "घर इथंच आलंय. विचारा."

तिने रुमाल सोडला. बट खांद्यावर पडली : खाली पांढरी, वर दोन बोटे काळीभोर. "ही बाटलीतली आहे. जन्माची नाही. माझा बाप तोच, जो तुमच्या बाईंच्या बापाचा बाप. माझी आई स्वच्छ होती आणि ही माझी वहिनीही. किल्ली हाताला लागली नाही, एवढंच झालं. मी आयुष्यभर खोटी बट लावून खऱ्या माणसाला बोल लावला. हे मी भर वर्गात सांगते, कारण बोल भर वर्गातच लागला होता."

मुख्याध्यापकांचा चेहरा हळूहळू बदलला. तो तास त्यांना आता आठवला होता. "त्या वेळच्या पुस्तकात," ते चाचरत म्हणाले, "साधारण तसाच अर्थ..."

"पुस्तकात व्याख्या होती, सर. 'घरी विचार' हे पुस्तकात नव्हतं. ते आपलं स्वतःचं." तिने खडू पुढे केला.

ते उठले. मागच्या बाकापासून फळ्यापर्यंतचे ते अंतर त्यांना लांब वाटले असावे. वाटलेच पाहिजे होते. त्यांनी खडू घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिले : प्रभावी गुण प्रत्येक अपत्यात उतरतोच असे नाही. मग पालकांच्या रांगेकडे वळून म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं."

आई उभी राहिली. "माझ्याकडे पाहून नका सांगू, सर. मुलांकडे पाहून सांगा. मला माझं उत्तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मुख्याध्यापक मुलांकडे वळले आणि पुन्हा म्हणाले, "माझं चुकलं." तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "आत्या, आता उरलेली बट कापणार?"

"मुळीच नाही. अर्धी काळी, अर्धी पांढरी राहू दे. तुमच्या बाईंना फळा अपुरा पडला की मला उभं करा." वर्ग हसला, आणि बिनबटीने त्या खोलीतले हे हसणे प्रथमच मान वर करून ऐकले.

परतताना दुकानाच्या पायरीवर वडील थांबले. त्यांनी पाटी काढली, कुलूप उघडले, आणि कोणी विचारले नसताना बोलले. "मी त्या दिवशी गप्प बसलो ते शंका होती म्हणून नव्हे. उत्तर दिलं असतं तर प्रश्नाला किंमत आली असती. माझी पोर आहे, यात सिद्ध काय करायचं?"

"हे एक वाक्य तेव्हा बोलला असतात," आई म्हणाली, "तर कानस झिजली असती का?"

"चुकलो," वडील म्हणाले.

"आज सगळ्यांनाच हा शब्द सापडलाय," असे म्हणून आई आत शिरली, गल्ल्याजवळ आपल्या जुन्या जागी उभी राहिली आणि चिठ्ठ्यांचा दोरा शोधू लागली. पहिले गिऱ्हाईक आले. "अहो वहिनी! कुठं होता इतके दिवस?"

"वर होते," आई म्हणाली. "आता खाली आले. बोला, कोणती किल्ली हरवली?" वडिलांनी पकडीत कोरी किल्ली आवळली, आणि बिनबटीला बारीक कानस मागितली. तिने दिली. या वेळी त्या घासण्याचा आवाज तिला चांगला वाटला.

आता वाचकांकडे मागणी, आणि ती साधी आहे. आपण शिकवत असाल, तर आनुवंशिकतेचा धडा शिकवताना कोणत्याही मुलाला उभे करून त्याच्या चेहऱ्यावर त्याचे घर तपासू नका. पिशवी आणि दोन किल्ल्या वापरा. आपण शिकत असाल, तर प्रभावी या शब्दाचा अर्थ आजच नीट लिहून पाठ करा. आणि आपल्या वर्गात कोणी कोणाला "घरी विचार" म्हणाले, तर त्याच तासाला उठून ते वाक्य मागे घ्यायला लावा. अकरा वर्षे थांबू नका.